हौशी गटात विषयाबाहेर बोलायचं असेल, तर क्रम असा ठेवा

गेल्या मे महिन्यात आमच्या नागपूरच्या गच्चीबागेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मानेवाड्याकडच्या एका काकूंनी सकाळी साडेसातला लिंबाच्या रोपाचा फोटो टाकला. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, शेंड्याची पानं गळायला लागलेली. सोबत दोन ओळी होत्या: "रोज सकाळी कूलरमधलं उरलेलं पाणी देते. उन्हानं होऊन राहिलं का हे? काय करू?"

पहिलं उत्तर आलं की ऊन फार आहे, हिरवी जाळी लावा. दुसऱ्यानं विचारलं, जाळी ५० टक्क्यांची की ७५ ची? तिसऱ्यानं इतवारीत जाळी कुठे मिळते ते सांगितलं. चौथ्या ताईंना इतवारीत गाडी लावायला जागा मिळत नाही हे आठवलं. पाचव्या दादांनी लिहिलं की त्याच फेरीत त्यांनी कूलरची खसही आणली. मग खस बरी की नव्या पद्धतीचं पॅड बरं, पंप किती दिवस टिकतो, रात्री खिडकी उघडी ठेवायची की नाही, अशी चर्चा रंगली. सव्वानऊपर्यंत ६३ मेसेज झाले. त्यातला एक असा होता: "टाकीच्या तळाशी पांढरा थर जमतो, पाणी खारं होऊन जाते, आठवड्यातून एकदा रिकामी करा."

काकूंना हवं असलेलं उत्तर तेच होतं. कूलरमधलं पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात, त्यामुळे टाकीत उरलेलं पाणी दिवसेंदिवस खारं होत जातं. लिंबू, संत्रा या झाडांना क्षार सोसत नाहीत, पानांच्या कडा भाजतात. काकूंनी पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं होतं की त्या कूलरचं पाणी देतात. उत्तर गटात आलंही होतं, पण ते त्यांच्या झाडापर्यंत कुणी नेलं नाही. चार दिवसांनी त्यांनी वाळलेल्या काडीचा फोटो टाकला, खाली लिहिलं "गेलं", आणि आठवड्याभरात त्या गटातून बाहेर पडल्या.

त्या ६३ मेसेजांत कुणीही वाईट वागलं नव्हतं. प्रत्येक मेसेज आधीच्या मेसेजला धरून होता, आणि विषय सुटतो तो असाच. म्हणून "विषयांतर करू नका" या नियमाचा उपयोग होत नाही. तो सगळ्यांना मान्य असतो आणि दहा मिनिटांत मोडतो. उपयोग होतो तो क्रमाचा: आधी काय, मग काय, कुठे थांबायचं आणि परत कसं यायचं. मी उदाहरणं बागेची देणार आहे, कारण मला तीच माहीत आहेत. पण पक्षीनिरीक्षण, नाणी, सायकल, भरतकाम, कुठलाही हौशी गट असो, क्रम हाच लागू पडतो.

तयारी: तोंड उघडण्याआधी

१. गटाची रीत बघा

नवीन असाल तर निदान आठ-दहा दिवस फक्त वाचा. गटाच्या नावावर टिचकी मारली की वर्णन दिसतं, ते शेवटपर्यंत वाचा. त्यात लिहिलेलं नसतं ते निरीक्षणातून कळतं. काही गटांत रविवारी सकाळी सैल गप्पा चालतात, इतर दिवशी नाही. काही ठिकाणी रोपांची देवाणघेवाण चालते पण विक्री चालत नाही. काही ठिकाणी एखाद्या ज्येष्ठांचं बोलणं भरकटलं तरी सगळे आनंदानं ऐकतात, कारण त्यांच्या भरकटण्यातूनच शिकायला मिळतं.

आपल्याकडे काही दिवस असे असतात की गट सैल होणारच. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो येणार, त्या दिवशी कुणाला अडवण्यात अर्थ नाही. तुमचा प्रश्न तातडीचा नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा.

तपासून पाहा: मागच्या आठवड्यात या गटात विषयाबाहेरचं काय काय बोललं गेलं आणि त्यावर लोक काय म्हणाले, हे तुम्हाला सांगता येतं का? येत नसेल तर अजून थोडं वाचा.

२. मूळ प्रश्न पूर्ण वाचा, अगदी पूर्ण

बहुतेक गोंधळ इथे सुरू होतो. आपण फोटो बघतो, शेवटचे दोन मेसेज बघतो आणि लिहायला लागतो. काकूंच्या बाबतीत "कूलरचं पाणी" हे दोन शब्द कुणी वाचलेच नाहीत, कारण फोटो बोलका होता.

वाचताना तीन गोष्टी मनात ठेवा. नेमकं काय विचारलंय? विचारणाऱ्यानं स्वतःहून कोणती माहिती दिली आहे? आणि घाई किती आहे? मिरचीची पानं वळताहेत, पण वर वळताहेत की खाली, हे विचारणाऱ्यानं लिहिलं असेल तर त्यानं अर्धं काम केलंय. साधारणपणे वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही कीड. ते न वाचता "चुरडामुरडा आहे, उपटून टाका" असं सांगणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी ओतणं. तिथून पुढे गप्पा कुठेही गेल्या तरी त्या माणसाला आपलं कुणी ऐकलं नाही असंच वाटतं.

घाईचं म्हणाल तर, "पुढच्या हंगामात कोणतं वांगं लावू" हा प्रश्न दोन दिवस थांबतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माना टाकलेलं रोप थांबत नाही. पंचेचाळीसच्या वर पारा असताना कुंडीतल्या झाडाला दुपारपर्यंतचाच वेळ असतो. अशा प्रश्नाखाली गप्पा सुरू करूच नका.

३. तुम्हाला जे सुचलंय ते कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

मी मनाशी चार जाती धरल्या आहेत.

फांदी: मूळ विषयातूनच फुटलेली. लिंबाच्या पानांवरून पाण्यातल्या क्षारांवर जाणं. ही सगळ्यात मोलाची, आणि हिलाच सगळ्यात जास्त जपून हाताळावं लागतं, कारण ती विषयातच आहे असं वाटत राहतं.

शेजारची कुंडी: विषय वेगळा, पण गटातल्या बहुतेकांच्या रोजच्या कामाचा. गच्चीची गळती, पाणीकपात, माकडं.

तण: गटाशी काहीच संबंध नाही. राजकारण, "ही बातमी सगळ्यांना पाठवा", शुभ सकाळ, जाहिराती. यासाठी पुढचे टप्पे वाचायची गरज नाही. इथे टाकूच नका. मेसेजवर "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" अशी खूण दिसली तर त्या गटापुरता तो तिथेच संपवा.

तातडी: या जातीला कुठलाही नियम नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागात घराघरांत पाणी शिरलं. त्या सकाळी आमच्या गटात रोपांचं कुणी बोललं नाही. कुठला रस्ता बंद आहे, कुणाच्या घरी म्हातारी माणसं अडकली आहेत, कुणाकडे कोरडे कपडे आहेत, एवढंच चाललं होतं, आणि तेच बरोबर होतं. जीवाचा प्रश्न असेल तर विषय आडवा येऊ देऊ नका. फक्त तातडी संपल्यावर कुणीतरी एकानं "सगळे सुखरूप आहेत, पाणी उतरलंय" एवढं लिहावं, म्हणजे उशिरा वाचणारे घाबरत नाहीत आणि गट आपल्या कामाला लागतो.

सावधान: तातडीच्या नावावर ऐकीव गोष्टी पसरतात. स्वतः पाहिलेलं किंवा पाहणाऱ्याकडून थेट कळलेलं तेवढंच लिहा, वेळेसकट. "धरणाचे दरवाजे उघडले म्हणे" या एका वाक्यानं त्या दिवशी दोन घरं उगाच सामान वर चढवत बसली होती.

प्रत्यक्ष बोलताना

४. आधी उत्तर

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: मूळ प्रश्नाला धड उत्तर मिळालेलं नसेल, तर फांदी फोडू नका.

उत्तर तुम्हाला येत असेल तर आधी तेवढंच लिहून पाठवा. काकूंना असं लिहिता आलं असतं:

"काकू, कूलरचं पाणी आजपासून बंद करा, त्यात क्षार साचतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो का? दिसत असेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर नळाचं साधं पाणी खालून भरपूर वाहून जाईपर्यंत द्या, म्हणजे क्षार धुऊन निघतात. ताटलीत पाणी साचू देऊ नका. आठ दिवस खत नको."

पाच-सहा ओळी झाल्या. यानंतर गट कूलरवर दोन तास बोलला असता तरी काही बिघडलं नसतं.

उत्तर येत नसेल तर? तर ज्याला येतं त्याला हाक मारा. त्याचं नाव घालून विचारा: "दादा, तुमच्याकडे लिंबू आहे ना, जरा पाहता का?" हाही मदतीचाच मेसेज आहे. तेही जमत नसेल तर गप्प राहा आणि फांदी मनात ठेवा. ती संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही.

नेहमीची चूक: "मलाही हाच त्रास आहे!" वाटतं की यानं धीर मिळतो. होतं असं की आता दोन झाडं, दोन कुंड्या, दोन वेगळी पाणी द्यायची पद्धत एकत्र मिसळतात आणि उत्तर देणारा कोणाला देतोय तेच कळत नाही. तुमचा त्रास खरंच तोच असेल तर पहिल्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. वेगळा असेल तर वेगळा प्रश्न करा, तुमच्या फोटोसकट.

५. वळताना सांगून वळा

गाडी वळवताना आपण हात दाखवतो, तसंच इथे. एक छोटी खूण पुरते:

"मूळ प्रश्नाचं वर झालंय. थोडं बाजूचं विचारतो:"

"हे लिंबाबद्दल नाही, कूलरबद्दल आहे."

"काकू, तुमचं उत्तर वर दादांनी दिलंय, पुढचं वाचलं नाही तरी चालेल."

तिसरं वाक्य मला सगळ्यात आवडतं. विचारणाऱ्या माणसाला नेमकं काय वाचायचं आणि काय सोडायचं ते कळतं. साठीच्या काकूंना चष्मा लावून ६३ मेसेज वाचायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वळताना ज्या मेसेजवरून तुम्हाला सुचलं, तो मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर द्या. वर तो मेसेज दिसत राहतो आणि कोण कशाबद्दल बोलतोय ते उशिरा येणाऱ्यालाही कळतं. हे अगदी साधं आहे, पण माझ्या अनुभवात निम्मे गैरसमज यानंच मिटतात. आमच्याकडे एकदा "हो, बिनधास्त टाका" हे उत्तर शेणखताबद्दलच्या प्रश्नाला होतं. मध्ये तिघांचे मेसेज आले, आणि ज्यांनी ताज्या कोंबडीखताबद्दल विचारलं होतं त्यांना ते स्वतःसाठी वाटलं. कच्चं कोंबडीखत गरम पडतं, मुळं जळतात. त्यांची पालकाची पूर्ण ट्रे गेली.

आणि जे लिहायचंय ते एका मेसेजमध्ये लिहा. "अरे हो", "एक सांगायचं होतं", "कूलरवरून आठवलं", "आमच्याकडे ना" असे चार तुकडे पाठवले की मूळ प्रश्न पडद्यावरून वर निघून जातो, आणि नंतर येणाऱ्याला तो दिसतच नाही.

तपासून पाहा: तुमचा मेसेज पाठवल्यावर मूळ प्रश्न किंवा त्याचं उत्तर दोनदा बोट सरकवण्याच्या आत दिसतं का?

६. तीन वळणं झाली की जागा बदला

पहिलं वळण चालतं. त्यावर कुणी उत्तर देतं, ते दुसरं. तिसऱ्या वळणाला समजा की या गप्पांना आता स्वतःचं घर हवं. लिंबाखाली इतवारी आली तेव्हाच हे करायला हवं होतं.

घर तीन प्रकारचं असू शकतं. दोघांचंच बोलणं असेल तर त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि मेन्यूतून "खाजगीरीत्या उत्तर द्या" निवडा. तोच संदर्भ घेऊन बोलणं दोघांत सुरू होतं. चार-पाच जणांचं असेल तर मुख्य गटातच नवा मेसेज सुरू करा, पहिल्या ओळीत विषयाचं नाव टाकून: "कूलरचं पाणी झाडांना: चालतं का, किती?" आणि विषय वारंवार येणारा असेल तर अ‍ॅडमिनला सांगून गप्पांचा वेगळा उपगट करून घ्या. आम्ही तो केला, नाव "पारावर". आता गच्चीची गळती, पाणीकपात, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं तिथे.

यावरून एक चांगली आठवण सांगतो. गेल्या पावसाळ्यात धरमपेठेतल्या एका ताईंनी कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो टाकला. पक्ष्याची विष्ठा पडावी तशी दिसणारी, तपकिरी-पांढरी. विचारलं, काय फवारू? एका दादांनी आधी सरळ उत्तर दिलं: अळ्या तीनच आहेत, हातानं उचला, फवारणीची गरज नाही. मग लिहिलं, "बाजूचं सांगतो, नवीन मेसेजमध्ये." आणि नव्या मेसेजमध्ये सांगितलं की ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. लहानपणी विष्ठेसारखी दिसते म्हणून पक्षी तिला सोडून देतात, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढते, त्याला उग्र वास येतो. कढीपत्ता, लिंबू, संत्रा, बेल ही तिची घरं. ताईंनी तीनपैकी दोन अळ्या जुन्या संत्र्याच्या रोपावर नेऊन सोडल्या आणि पुढचे पंधरा दिवस गट रोज तिचा फोटो मागत होता. ज्यांना फवारणीचं उत्तर हवं होतं त्यांना ते दोन ओळींत मिळालं, ज्यांना अळीचं हवं होतं त्यांना अळी मिळाली. कुणाचंही नुकसान झालं नाही. क्रम पाळला तर विषयांतरातून असं काही हाती लागतं. म्हणूनच ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

सावधान: गप्पा दुसरीकडे नेताना "इथे नको, तिकडे बोला" एवढंच लिहून सोडून देऊ नका. नव्या जागी पहिला मेसेज तुम्हीच टाका. नाहीतर लोकांना हाकलल्यासारखं वाटतं.

७. फिरून परत या

हा टप्पा जवळजवळ सगळे विसरतात. काकूंच्या बाबतीत खरं चुकलं ते इथेच.

गप्पा थंडावल्या की कुणीतरी एकानं मागे जाऊन बघावं: या सगळ्यात मूळ प्रश्नाच्या उपयोगाचं काही निघालं का? निघालं असेल तर ते उचलून, विचारणाऱ्याच्या मूळ मेसेजला जोडून, त्यांच्यापर्यंत पोहोचवावं. "काकू, कूलरच्या गप्पांत एक कामाची गोष्ट निघाली, तुमच्या लिंबाला लागू आहे." हे काम अ‍ॅडमिनचं नाही, ज्यानं वळण घेतलं त्याचं आहे. ज्यानं फांदी फोडली त्यानंच तिला आधार द्यायचा.

आणि विचारणाऱ्यांनीही एक करावं. आठ-दहा दिवसांनी झाडाचं काय झालं ते त्याच मेसेजखाली सांगावं. जगलं तरी, गेलं तरी. उत्तर बरोबर होतं की नाही हे गटाला दुसऱ्या कशानं कळणार?

दुसऱ्यांचं विषयांतर

८. थांबवायचं कसं

"कृपया विषयाला धरून बोला" हा मेसेज टाकू नका. तो स्वतःच विषयाबाहेरचा असतो. त्याला "बरोबर आहे", "मीही हेच म्हणणार होतो", "थोड्या गप्पा झाल्या तर काय बिघडलं" अशी दहा उत्तरं येतात, ज्याला लागलं तो आठवडाभर गप्प होतो आणि मूळ प्रश्न आणखी खाली जातो.

त्याऐवजी मूळ प्रश्नच वर आणा. त्याला उजवीकडे सरकवून लिहा: "काकूंच्या लिंबाचं अजून राहिलंय. पाणी कोणतं देता यावर कुणी बोलाल का?" कुणाला काही म्हटलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, आणि बोलणं जागेवर आलं. हे मी अनेकदा करून पाहिलंय. बहुतेक वेळा लोक लगेच वळतात, कारण त्यांनाही मदत करायचीच असते, फक्त प्रश्न नजरेआड झालेला असतो.

वारंवार भरकटणारं कुणी असेल तर त्यांच्याशी वेगळं बोला, गटात नाही. आपल्याकडे वयानं मोठ्या माणसाला चारचौघांत टोकणं फार लागतं, आणि ते लागणं योग्यच आहे. आमच्यातले एक निवृत्त काका रोज सकाळी सहाला सुविचार आणि देवाचा फोटो टाकायचे. दोघांनी त्यांना गटात टोकलं, ते दुखावले. नंतर एका ताईंनी त्यांना फोन केला. कळलं की त्यांची बायको वारल्यापासून सकाळी बोलायला कुणी नसतं. ताईंनी सुचवलं, "काका, रोज तुमच्या गच्चीवरचं एक फूल टाका ना, फोटोसकट." तेव्हापासून आम्हाला रोज सकाळी सहाला एक फूल मिळतं, कधी गोकर्ण, कधी सदाफुली, आणि कोणत्या महिन्यात नागपुरात काय फुलतं याची नोंद आपसूक होत चालली आहे.

फोनवर काय बोलावं? आधी त्यांच्या कुठल्यातरी चांगल्या उत्तराची आठवण काढा, मग एकच विनंती करा, आणि ती "काय करू नका" ऐवजी "काय करा" अशी असू द्या.

९. वाढदिवस आणि दुःखद बातमी

थोडक्यात सांगतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा एकानं द्याव्यात, बाकीच्यांनी त्या मेसेजवर फूल किंवा हार्टची खूण उमटवावी. खुणेनं गट वाजत नाही आणि भावना पोहोचते.

निधनाची बातमी आली तर कळवणाऱ्यानं अंत्ययात्रेची वेळ आणि ठिकाण त्याच मेसेजमध्ये द्यावं, म्हणजे विचारणा होत नाही. कुटुंबातलं माणूस गटात असेल तर त्याला वेगळा मेसेज किंवा फोन करा. तुमचं सांत्वन त्याला शंभर "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या रांगेत सापडणार नाही. त्या दिवशी गटात झाडांचे प्रश्न विचारले तर चालतात का, असं मला एकीनं विचारलं होतं. तातडीचा असेल तर थेट एखाद्या जाणकाराला विचारावा. नसेल तर दिवसभर थांबावं.

१०. प्रत्यक्ष भेटीत

महिन्यातून एकदा आम्ही कुणाच्या तरी गच्चीवर भेटतो. तिथे कुणाचं बोलणं सरकवून वर आणता येत नाही, म्हणून क्रम आणखी घट्ट हवा. आल्या आल्या प्रत्येकाचा एकेक प्रश्न वहीत लिहून घ्या. वही यजमानांच्या हातात. प्रश्न संपेपर्यंत तर्री-पोहे येत नाहीत. पोहे आले की सगळे उभे राहतात, घोळके होतात आणि जो नवखा कोपऱ्यात प्रश्न घेऊन बसलाय त्याची वेळ निघून जाते. पोह्यांनंतर मात्र कितीही भरकटा. रोपांच्या काड्या, बिया, निरोप, भांडणं मिटणं, सगळं त्या शेवटच्या तासात होतं, त्यासाठी वेळ राखूनच ठेवा.

११. चूक झालीच तर

वळण चुकीच्या वेळी घेतलं असं लक्षात आलं की पहिल्या पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. त्यात वर "(वेगळा विषय)" एवढं घातलं तरी भागतं. कुणीच उत्तर दिलं नसेल तर सर्वांसाठी हटवा. पण उत्तरं आली असतील तर हटवू नका. त्या उत्तरांना मग बूड राहत नाही, आणि लोकांना वाटतं काहीतरी वादाचं होतं.

माफी एका ओळीची पुरे: "माझ्यामुळे काकूंचा प्रश्न मागे पडला, आधी तो बघू." लांब माफीला लोक समजावत बसतात आणि प्रश्न पुन्हा बुडतो.

१२. अ‍ॅडमिनसाठी एवढंच

फक्त अ‍ॅडमिनच बोलू शकतील अशी सोय गटात असते. ती भांडण पेटलं तरच, तासाभरासाठी वापरा. रोजच्या विषयांतरावर वापरली तर नवखी माणसं प्रश्नच विचारेनाशी होतात.

रोज रात्री दोन मिनिटं काढून दिवसभरातले प्रश्न वर-खाली बघा. ज्याला उत्तर नाही तो सकाळी स्वतः पुन्हा वर आणा. उन्हाळ्यात हे चुकवू नका. आणि चांगलं उत्तर मिळालं की ते पिन करा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवसांसाठी ठेवता येते. काकूंच्या लिंबाचं उत्तर आता आमच्याकडे लिहून ठेवलंय, आणि पुढच्या वर्षी मेच्या दहा तारखेच्या सुमारास कूलर जोरात सुरू झाले की ते ३० दिवसांसाठी वर लावणार आहोत. नवतपा संपेपर्यंत तेवढे दिवस पुरतात.